दात कोणी भरायचा?

तुमच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा. दाढ किडली म्हणजे नक्की काय झालं? बहुतेक मुलं सांगतील, दातात किडे झाले. त्यांना दोष देता येणार नाही. आपली भाषाच तसं सांगते. धान्याला कीड लागते, लाकडाला लागते, तशी दातालाही लागते. ही समजूत फक्त आपलीच आहे असंही नाही. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दात पोखरणाऱ्या किड्याची गोष्ट लिहिलेली सापडली आहे, आणि आपल्याकडे बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' काढून दाखवणारे लोक अगदी अलीकडेपर्यंत बाजारात बसत.

किडा नसतो. असतं ते विरजण.

दुधाला विरजण लावलं की काय होतं हे मुलांना घरी पाहून माहीत असतं. जिवाणू दुधातल्या साखरेवर जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि दूध आंबून घट्ट होतं. असेच जिवाणू आपल्या तोंडात कायम मुक्कामाला असतात. सकाळी दातांवरून नख फिरवलं की जो पांढरट चिकट थर निघतो, ती त्यांची वसाहत. त्यांच्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूचं वर्णन क्लार्क नावाच्या संशोधकाने १९२४ साली किडलेल्या दातांच्या अभ्यासातून केलं. आपण लिमलेटची गोळी चोखली, की तिच्यातली साखर या वसाहतीलाही मिळते आणि ती तिचं आम्ल करते. फरक इतकाच, की इथे दूध आंबत नाही, दात विरघळतो.

दाताचं वरचं आवरण म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं खनिज असतो. पण त्याची जाडी असते फार तर अडीच मिलिमीटर, आणि त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड जुळून येतं. एनॅमलला पडलेलं भोक मात्र शरीर बुजवू शकत नाही. (अंड्याचं कवच रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा प्रयोग या ठिकाणी वर्गात करता येईल. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, दात कॅल्शियम फॉस्फेटचा. आम्लात खनिज विरघळतं एवढंच हा प्रयोग दाखवतो. बुडबुडे निघतात ते कार्बोनेटमुळे. दातातून तसे निघत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मुलं नेमके बुडबुडेच लक्षात ठेवतात.)

१९४०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरच्या या थराचा सामू, म्हणजे पीएच, प्रत्यक्ष तोंडात मोजला. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच सामू धाडकन खाली येतो आणि मग अर्ध्यापाऊण तासात हळूहळू पूर्वपदावर येतो. तो साधारण ५.५ च्या खाली असतो तेवढा वेळ एनॅमलमधून खनिज बाहेर पडत राहतं. सामू पुन्हा वर चढला, की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात बसायला लागतं. थोडं फ्लोराइड जवळपास असेल, तर परत बसणारं खनिज आधीपेक्षा जास्त आम्ल सोसणारं असतं. म्हणजे दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा भरून येतो. प्रश्न असतो जमाखर्चाचा.

याचं गणित मुलांना घालता येईल. एका गोड खाण्यानंतर अर्धा तास आम्लाचा धरा. दिवसातून तीनदा जेवताना गोड खाल्लं, तर दीड तास झाला. तेवढीच साखर आठ वेळा, एकेक गोळी करून खाल्ली, तर चार तास झाले. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला इतकं महत्त्व का, हे मुलांना आपोआप उमगतं.

खर्च जमेपेक्षा जास्त होऊ लागला, की दातावर आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या पायरीवर रोग परतवता येतो. तो वाढत गेला तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, भोक पडतं. त्याखालच्या डेंटिनमधून पुढे जात आम्ल आणि जिवाणू दाताच्या गाभ्यातल्या नसेपर्यंत पोचतात, तेव्हा कुठे माणूस रात्रभर गालाला हात लावून बसतो. दुखायला लागेपर्यंत रोगाची बहुतेक वाट चालून झालेली असते.

रोगाच्या या स्वभावातूनच पुढचं सगळं निघतं. रोग हळू चालतो, सुरुवातीला दुखत नाही आणि पुन्हा पुन्हा होतो. अशा रोगाला गाठायचं असेल तर वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाच्या तोंडात डोकावणारं कोणीतरी जवळपास पाहिजे. मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्याकडे माणूस पोचतो तो शेवटच्या टप्प्यावर, दात उपटायला. मग जवळपास असणारं ते कोणीतरी कोण असावं? किती शिकलेलं असावं? हे प्रश्न गेली शंभर वर्षं भांडणाचे ठरले आहेत. भांडणाच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा एक विशीतली मुलगी आहे.

सुरुवात न्यूझीलंडमध्ये झाली. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याच्या दंतविभागाचे प्रमुख होते थॉमस हंटर. भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून ते हादरले. वयाच्या विशीतच कित्येकांच्या तोंडाची वाताहत झालेली. त्या काळी तिथे सगळे दात काढून कवळी बसवून घेणं हा शहाणपणाचा उपाय मानला जाई, आणि लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून टाकण्याची, म्हणजे नवऱ्यामागे पुढचा खर्च नको म्हणून, तिथली रीत सांगितली जाते. हंटर यांचा निष्कर्ष सरळ होता. तरुणांचे दात बिघडतात ते शाळेच्या वयात. तेव्हा उपचार शाळेतच झाले पाहिजेत. त्यासाठी पुरेसे दंतवैद्य देशात नव्हते, आणि असलेल्यांना लहान मुलांच्या तोंडात काम करण्याची हौसही नव्हती.

त्यांनी सुचवलं की तरुण मुलींना दोन वर्षं शिकवावं आणि शाळांमध्ये नेमावं. या मुलींनी मुलांचे दात तपासावेत, साफ करावेत, किडलेले भरावेत आणि दुधाचे दात काढावेत. दात भरणं हे त्या वेळी फक्त दंतवैद्याचं काम होतं. ते दुसऱ्या कोणाला, त्यातून मुलींना द्यायचं, ही कल्पना धाडसाची होती. १९२० साली तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेची खास सभा भरली आणि ठराव १६ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. १९२१ साली वेलिंग्टनमध्ये पहिल्या मुलींचं शिक्षण सुरू झालं.

शिक्षण संपल्यावर मुलगी एखाद्या शाळेच्या आवारातल्या छोट्या लाकडी दवाखान्यात रुजू होई. तिच्याकडे चार-पाचशे मुलं सोपवलेली असत. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची पाळी. दात कोरायचं यंत्र कित्येक वर्षं शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं होतं, आणि दात भरताना बधिर करण्याची पद्धत फारशी नव्हती. मुलांनी दवाखान्याला नाव ठेवलं 'खाटीकखाना'! आजही तिथले साठी-सत्तरीचे लोक ते नाव काढलं की अंग चोरून हसतात. पण याच नर्स कापसाच्या बोळ्याची मधमाशी करून रडणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवत, ही आठवणही तेच लोक सांगतात. सक्काळी वर्गाच्या दाराशी येऊन नर्सने कोणाचं नाव पुकारायचं, मग वर्गात शांतता पसरायची. कल्पना करून पाहा.

इथे सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबद्दल सांगायला हवं, कारण अशा नर्सचं अर्धं यश त्या दाढेत असतं. पाच वर्षांच्या मुलाला दुधाचे वीस दात असतात, प्रत्येक बाजूला वर पाच आणि खाली पाच. त्यांच्यातला एकही न पडता, सगळ्यांच्या मागे, साधारण सहाव्या वर्षी एक नवी दाढ उगवते. ही कायमची दाढ. काहीच पडलं नाही आणि काहीतरी आलं, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. 'किडली तर किडली, पडेल आणि दुसरी येईल,' असं म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही. चघळण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असल्याने आणि मुलाचा ब्रश तितका मागे पोचत नसल्याने हीच दाढ सर्वांत आधी किडते. महिन्याभरापूर्वी उगवलेली दाढ ओळखायची आणि तिच्या खाचा बुजवायच्या, हे काम करायला दंतवैद्यकातली मोठी पदवी लागत नाही. दाढ उगवते त्या महिन्यात तिथे हजर असावं लागतं.

न्यूझीलंडचा प्रयोग टिकला आणि पसरला. १९४९ साली पेनांगला अशाच शिक्षणाची शाळा निघाली आणि मलायातल्या मुली शाळांमधून काम करू लागल्या. आज पन्नासहून अधिक देशांत या ना त्या नावाने असे कार्यकर्ते आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांना डेंटल थेरपिस्ट म्हणतात.

पण सगळं गोड लिहिलं तर ते खरं होणार नाही. हंटर यांनी मुलीच का निवडल्या? त्या मुलांशी प्रेमाने वागतात, हे एक कारण सांगितलं गेलं. त्यांना पगार कमी देता येतो, हे दुसरं. कौशल्याचं काम आणि तुटपुंजं वेतन ही जोडी पुढे पन्नास वर्षं तशीच चालली. १९७४ साली शेवटी या नर्सनी पगारासाठी वेलिंग्टनच्या संसदेवर मोर्चा नेला.

दुसरी गोष्ट शास्त्राची आहे आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. नर्सचं काम मोजायचं कसं? सोपा उपाय म्हणजे तिने किती दात भरले ते मोजायचं. मग दात भरलेच जाणार. नुसता डाग दिसला तरी कोरा आणि भरा. वर आपण पाहिलं की सुरुवातीचा डाग परतवता येतो. पण एकदा दात कोरला की तो परतीचा रस्ता बंद होतो. भरलेलं सिमेंट किंवा चांदी काही वर्षांनी निघते, पुन्हा भरताना भोक मोठं होतं, आणि असं करत दात कमजोर होत जातो. शिवाय दात भरल्याने रोग बरा होत नाही. जिवाणू, साखर आणि वेळ हे तिघेही तिथेच असतात. १९५०च्या दशकापासून तिथल्या पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात झाली, पुढे फ्लोराइडच्या टूथपेस्ट आल्या आणि कीड चालायचा वेग मंदावला, तरी भरण्याची सवय सुटली नव्हती. १९७०च्या दशकात निकष बदलले, आणि 'दिसलं की भरा' जाऊन 'थांबा, पाहा, व्हार्निश लावा' आलं. तेव्हा भरलेल्या दातांची संख्या झपाट्याने उतरली. गुणपत्रिकेवरून वर्गाची पारख करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता अमेरिका. न्यूझीलंडचा प्रयोग पाहून १९४९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने बॉस्टनमध्ये तसं शिक्षण देऊन पाहण्याचा कायदा केला. दंतवैद्यांच्या संघटनांनी इतका विरोध केला, की वर्षभरातच, १९५० साली, तो रद्द झाला. १९७०च्या दशकात त्याच शहरात पुन्हा एक प्रयत्न झाला, तोही बंद पडला. ज्या देशात जगातलं सर्वांत महागडं दंतवैद्यक होतं, तिथे ही कल्पना पन्नास वर्षं दाराबाहेर उभी राहिली. अखेर ती आत शिरली ती सर्वांत लांबच्या दारातून, अलास्कातून.

नकाशात अलास्का काढून मुलांना दाखवा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साडेपाच पटीहून थोडं जास्त, आणि लोकसंख्या सात-साडेसात लाख. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाजवळच्या सपाट, दलदलीच्या मुलखात युपिक लोकांची लहान लहान गावं विखुरलेली आहेत. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची स्कूटर, आणि हवा बरी असली तर छोटं विमान. दंतवैद्य यायचा तो वर्षातून एखाद्या वेळी, काही दिवसांपुरता. त्या दिवसांत दुखरे दात उपटण्यातच वेळ जायचा. खूप दात किडलेल्या लहान मुलाला पूर्ण भूल देऊन उपचार करायचे, तर विमानाने शेकडो किलोमीटर दूर न्यावं लागे.

या लोकांचे दात मुळात वाईट नव्हते. मासे, सील, हरणाचं मांस, रानातली बोरं अशा त्यांच्या जुन्या आहारात जिवाणूंना पोसणारी साखर आणि पिठं फार थोडी होती, आणि जुन्या पिढ्यांत कीड क्वचितच आढळे. दुकानातला आहार आला तसं चित्र पालटलं. कित्येक घरांत नळाचं पाणी नाही, आणि बाटलीतलं गोड सोडापाणी मात्र दुकानात सहज मिळतं. २००८ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या भागातल्या मुलांची तपासणी केली. चार-पाच वर्षांच्या मुलांपैकी ८७ टक्के आणि बारा ते पंधरा वर्षांच्यांपैकी ९१ टक्के मुलांच्या दातांत कीड होती. सोडा जास्त पिणाऱ्यांत आणि पाण्यात फ्लोराइड नसलेल्या गावांत ती अधिक होती.

अशा गावांत साध्या आजारांसाठी गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्य साहाय्यक नेमायची पद्धत १९६०च्या दशकापासून होती. त्याच पद्धतीत दातांचा साहाय्यक का नको, असा विचार तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थांनी केला. अमेरिकेत शिकवायला कोणी तयार नव्हतं. म्हणून २००३ साली पहिले सहा विद्यार्थी न्यूझीलंडला, ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात पाठवले गेले. हा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या एखाद्या गावातली, बारावीपर्यंत शिकलेली मुलगी. तिने गावात दंतवैद्य पाहिला आहे तो वर्षातून एकदा, चिमटा हातात घेतलेला. ती पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला जाते, उलट ऋतू असलेल्या देशात दोन वर्षं राहते आणि लहान मुलांचे दात तपासायला, भरायला शिकते. परत आल्यावर तिला दंतवैद्याच्या देखरेखीखाली निदान ४०० तास काम करून दाखवावं लागतं. त्या दंतवैद्याला खात्री पटली, की मग ती गावाच्या दवाखान्यात बसते. २००७ पासून हे शिक्षण अलास्कातच सुरू झालं.

तिला काय येतं आणि काय येत नाही, याची यादी लेखी असते. ती तपासणी करते, एक्स-रे काढते, दात साफ करते, फ्लोराइडचं व्हार्निश लावते, दाढेच्या खाचा बुजवते, कीड काढून दात भरते, दुधाच्या दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवते आणि साधे दात काढते. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया ती करत नाही. तिचा पर्यवेक्षक दंतवैद्य दूरच्या शहरात असतो. ती त्याला दाताची छायाचित्रं आणि एक्स-रे पाठवते, फोनवर विचारते, आणि दर दोन वर्षांनी तिच्या कामाची पुन्हा परीक्षा होते. माझ्या मते या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा कोरणी धरण्याचा नाही. 'हे माझ्याच्याने व्हायचं नाही, याला पुढे पाठवा' असं वेळेवर म्हणता येण्याचा आहे. मोठ्या पदव्या घेतलेल्यांनाही तो नेहमी साधतोच असं नाही.

या मुलीच्या हाताशी आज अशी काही साधनं आहेत, जी हंटरच्या नर्सकडे नव्हती. १९७०च्या सुमारास लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट तयार केलं. ते ओलसर दातालाही रासायनिक बंधाने चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. १९८०च्या दशकात टांझानियात यो फ्रेन्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वीज नसलेल्या खेड्यात नुसत्या हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून हे सिमेंट भरता येतं. कोरायचं यंत्र नको आणि बहुतेक वेळा सुईही नको. दुसरं साधन आहे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. या द्रावणाचा एक थेंब किडलेल्या जागी लावला, की त्यातली चांदी जिवाणू मारते आणि फ्लोराइड उरलेल्या खनिजाला बळ देतं. कीड बहुधा तिथेच थांबते. डाग मात्र कुळकुळीत काळा पडतो, आणि तो राहतो. पुढच्या दातांवर आईबापांना तो नको असतो, हे समजण्यासारखं आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला भूल द्यायची की मागची दाढ काळी दिसू द्यायची, असा प्रश्न आला तर उत्तर बदलतं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही साधनं आणि फ्लोराइडची टूथपेस्ट आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

अलास्कातले पहिले थेरपिस्ट कामाला लागले आणि २००६ च्या सुरुवातीला अमेरिकन दंतवैद्य संघटना कोर्टात गेली. दंतवैद्याचा परवाना नसताना दात कोरणं आणि काढणं बेकायदा आहे, असं तिचं म्हणणं. प्रतिवाद्यांत आदिवासी आरोग्य संस्थेबरोबर खुद्द हे तरुण थेरपिस्टही होते. गावात परत येऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या मुलीला देशातल्या एका बलाढ्य व्यावसायिक संघटनेची नोटीस यावी, हा प्रकार लहान नव्हे. २००७ साली न्यायालयाने निकाल थेरपिस्टांच्या बाजूने दिला. आदिवासींच्या आरोग्यसेवेला लागू असलेला केंद्राचा कायदा राज्याच्या परवान्याच्या नियमाच्या वर ठरला. मग पुढे मिनेसोटा (२००९), मेन (२०१४), व्हरमाँट (२०१६) अशा राज्यांनीही वेगवेगळ्या स्वरूपात असे कायदे केले.

विरोध करणाऱ्यांचं सगळं म्हणणं टाकाऊ नव्हतं. वरून साधा दिसणारा दात काढताना मूळ मोडू शकतं, रक्त थांबेनासं होतं, आणि गरिबांना कमी शिकलेला व श्रीमंतांना पूर्ण शिकलेला वैद्य ही विभागणी कोणालाही टोचावी. यातल्या पहिल्या शंकेचं उत्तर मोजमापाने देता येतं. २०१० साली एका स्वतंत्र संस्थेने या थेरपिस्टांचं काम प्रत्यक्ष बसून तपासलं. आपल्या मर्यादेतलं काम ते सुरक्षितपणे आणि कुशलतेने करतात असं तिला आढळलं. २०१८ साली युकॉन-कुस्कोक्विम भागातल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गावांत थेरपिस्टचे कामाचे दिवस जास्त, तिथे प्रतिबंधक उपचार जास्त होत होते आणि मुलांचे व मोठ्यांचे दात उपटण्याचं प्रमाण कमी होतं. अशा अभ्यासात गावागावांतले इतर फरकही मिसळलेले असतात, तेव्हा सगळं श्रेय थेरपिस्टला देता येणार नाही. वरच्या वर्गात 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे शिकवताना हे उदाहरण चांगलं आहे. दुसऱ्या शंकेला असं आकड्यांत उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की त्या गावांत निवड 'थेरपिस्ट की दंतवैद्य' अशी नव्हती. ती 'थेरपिस्ट की कोणीच नाही' अशी होती.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही, फक्त तो दातांवरून झाला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलाही शिकवलं, तेव्हा हाच प्रश्न उठला होता. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि बालमृत्यू किती घटले ते जगाने पाहिलं. दातांच्या बाबतीत मात्र आपला १९४८ चा कायदा दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक अशा तीनच वर्गांना ओळखत होता. गावात राहून मुलांचे दात भरणारा चौथा वर्ग त्यात नव्हताच. २०२३ साली संसदेने त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे.

अलास्काची कृती जशीच्या तशी उचलून चालणारही नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड इतकं जास्त आहे, की मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात. तिथे आधी पाणी तपासायला हवं. दात साफ करायला मशेरी लावणाऱ्या आजीशी बोलणं हे आपल्याकडच्या थेरपिस्टचं रोजचं काम असेल, आणि ते युपिक गावातल्या तिच्या मैत्रिणीला कधीच करावं लागलेलं नाही.

तोवर पहिली-दुसरीच्या वर्गात एक गोष्ट लगेच करता येईल. मुलांना जोडीने खिडकीच्या उजेडात बसवा. एकाने आ करायचा, दुसऱ्याने खालच्या ओळीच्या मध्यापासून एका बाजूला मागे दात मोजत जायचे, पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरायची. पाचपर्यंत आकडा आला की थांबायचं आणि त्याच्या मागे काही उगवलंय का ते पाहायचं. उगवलं असेल, तर ती सहावी दाढ. कोणाच्या तोंडात ती सापडली त्यांची नावं लिहून ठेवा आणि पुढच्या पालकसभेत त्यांच्या आईवडिलांना सांगा, की ही पडणारी नाही.